बाळंतिणीच्या खोलीतला उजेड

खोलीतली ट्यूब लावा आणि बाळ जिथं झोपतं तिथं, पलंगावर किंवा खाली गादीवर, पाच मिनिटं उताणं पडून राहा. घरातले दिवे कुठं लावायचे हे आजवर उभ्या आणि बसलेल्या माणसांनी ठरवलं आहे, हे त्या पाच मिनिटांत कळतं. आपण दिव्याच्या उजेडात बघतो, दिव्याकडे बघत नाही. बाळ मात्र पहिले चार-पाच महिने छताकडे तोंड करून पडलेलं असतं. त्याला कूस बदलता येत नाही, डोळ्यांवर हात आडवा धरता येत नाही. खोलीतली सगळ्यात ठळक वस्तू म्हणजे तो दिवा, म्हणून ते त्याच्याकडेच टक लावून राहतं आणि घरातले कौतुकानं म्हणतात, "बघा, लाइटकडे कसं बघतंय!"

बाळ येणार म्हटल्यावर हल्ली दिव्यांची खरेदी होते. चंद्राच्या आकाराचा दिवा, छतावर तारे फिरवणारा दिवा, रिमोटनं सात रंग बदलणारी पट्टी. बाळासाठी काहीतरी करावं ही त्यामागची माया मला समजते. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत नवजात बाळ आणि उजेड यांबद्दल जे कळलं आहे ते एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की बाळाला दिव्याची गरज फार थोडी असते. त्याला दिवस हवा असतो आणि रात्र हवी असते, आणि त्या दोन्हींत स्पष्ट फरक हवा असतो. रात्रीचा दिवा लागतो तो आईला.

आपल्याकडे नर्सरी म्हटलं की रोपवाटिका आठवते, नाहीतर शाळेचा पहिला वर्ग. बाळाची स्वतंत्र खोली बहुतेक मराठी घरांत नसते. बाळ आईच्या कुशीत, नाहीतर पलंगाला लागून ठेवलेल्या पाळण्यात झोपतं. त्याच खोलीत आजी असते, सकाळी सातची पाळी असलेला बाबा असतो, कधी मोठं भावंड अभ्यासाला बसलेलं असतं. तेव्हा बाळाच्या खोलीतला उजेड निवडणं म्हणजे एकाच खोलीत चार माणसांच्या चार वेळा सांभाळणं. परदेशी मासिकांतल्या सजवलेल्या खोल्यांचा सल्ला इथं पुरत नाही.

जुनी बाळंतिणीची खोली अंधारी असे. वाड्यात माजघराच्या आतली, एखादा झरोका असलेली, वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली. शेगडीचा शेक, ओव्याची आणि बाळंतशेपेची धुरी, आणि कोपऱ्यात रात्रभर जळणारा दिवा. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, म्हणून त्या रात्री दिवा मालवू द्यायचा नाही ही समजूत तर आजही अनेक घरांत पाळली जाते. या खोलीबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ आहे. धूर कोंडलेला, हवा खेळत नसलेली, आणि दिवसाचा उजेड बाळ-बाळंतिणीला दहा-दहा दिवस दिसत नसे. पण तिथला रात्रीचा दिवा मात्र, आजच्या मोजमापानं पाहिलं तर, जवळपास बरोबर होता.

मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड देते. समईच्या किंवा पणतीच्या एका वातीचा उजेड तितकाच, बहुधा थोडा कमी. तो पिवळा-तांबूस असतो, निळा भाग त्यात नगण्य असतो. २०२२ मध्ये झोप आणि प्रकाश या विषयांवरच्या शास्त्रज्ञांच्या एका गटानं निरोगी प्रौढांसाठी शिफारस प्रसिद्ध केली. निळसर भागाला जास्त वजन देऊन मोजलेला, डोळ्यापाशी पडणारा उजेड दिवसा किमान २५० लक्स असावा, झोपेच्या आधीचे तीन तास १० च्या आत असावा आणि झोपताना १ च्या वर जाऊ नये. कोपऱ्यातली वात या शेवटच्या अटीत बसते. आपल्या खोलीतली ट्यूब बाळाच्या डोळ्यांवर शे-दीडशे लक्स टाकते. उघड्या वातीकडे परत जावं असं यातून निघत नाही. मच्छरदाणी, सुती दुपटी आणि पेंगुळलेली माणसं असलेल्या खोलीत उघडी ज्योत नकोच. भारनियमनात मेणबत्ती लावायची सवय असेल तर तीही सोडावी. एक छोटा चार्जिंगचा दिवा त्यापेक्षा कितीतरी बरा.

वातीनंतर रॉकेलची चिमणी आणि कंदील आले, मग विजेचा पिवळा बल्ब, मग चार फुटी ट्यूबलाइट. ट्यूबनं मराठी घराची उजेडाची कल्पनाच बदलली. पांढरा, निळसर झाक असलेला, खोलीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात पोचणारा उजेड म्हणजे चांगला उजेड, असं आपलं ठरून गेलं. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेतून कोट्यवधी स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी गेले, तेव्हा बिल खूप कमी झालं पण रंगाची सवय तीच राहिली. दुकानदाराला नुसतं "नऊ वॅटचा द्या" म्हटलं की तो ६५०० केल्विनचा, कूल डे लाइट लिहिलेला बल्ब काढून देतो. वॉर्म व्हाइट, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनचा, मागावा लागतो.

रात्रीसाठी आपल्याकडे झिरोचा बल्ब होता. नाव झिरो, पण तो सुमारे पंधरा वॅट वीज खायचा. लाल, हिरवा, आणि सगळ्यांत लोकप्रिय निळा. इथं एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुना निळा झिरो म्हणजे साध्या तारेच्या बल्बला बाहेरून निळा रंग दिलेला. तार मुळात पिवळा-तांबूस उजेड देते, त्यामुळे रंगातून गाळून येणारा निळा मंद आणि मळकट असे. आजचा अर्ध्या वॅटचा निळा नाइट लॅम्प एलईडीचा असतो आणि त्याचा निळा अगदी शुद्ध असतो. नाव आणि होल्डर तेच, पण डोळ्यात शिरणारा उजेड वेगळा. ज्या आज्या सांगतात की आमची सगळी मुलं निळ्या झिरोत झोपली, त्या खरंच सांगतात. पण तो निळा आता बाजारात सहसा मिळत नाही.

निळ्याचं एवढं काय, तर डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि समर हत्तार यांच्या संशोधनातून त्यांचं काम स्पष्ट झालं. या पेशी चित्र बनवत नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, आणि त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. तो मिळाला की दिवस आहे असं समजून मेलाटोनिनचं, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाचं, पाझरणं थांबतं. लांब लहरींचा, म्हणजे पिवळा, नारिंगी, तांबडा उजेड मंद असेल तर त्यांना फारसा लागत नाही. बाळाच्या डोळ्याचं भिंग काचेसारखं स्वच्छ असतं. वयानुसार ते पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवू लागतं, पण बाळाकडे ती गाळणी नसते. आजीच्या डोळ्याला सौम्य वाटणारा दिवा नातवाच्या डोळ्याला तितका सौम्य नसतो.

हा परिणाम लहान मुलांत किती होतो हे कोलोरॅडो विद्यापीठात मोनिक लबूर्जवा यांच्या गटानं मोजलं. झोपण्याआधी तासभर सुमारे १००० लक्स उजेडात खेळलेल्या मुलांचं मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटलं. २०२२ मध्ये त्यांनी ५ ते ४० लक्स एवढ्या मंद उजेडातही सरासरी ७८ टक्क्यांच्या आसपास घट नोंदवली. ही मुलं तीन ते पाच वर्षांची होती, आणि गट लहान होता. तान्ह्या बाळावर हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण पहिले दोन-तीन महिने बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन तालात पाझरतच नसतं. पण मोठ्या भावंडालाही त्याच खोलीत झोपवायचं असेल तर रात्री नऊ वाजता ट्यूब कशाला, एवढं तरी यातून नक्की निघतं.

मग पहिल्या महिन्यांत बाळाला रात्र कळते कशानं? एक वाट आईच्या दुधाची आहे. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. रात्री पाजताना आई स्वतःच्या अंधाराचा अंश बाळाला देत असते म्हणा ना. प्रौढ माणसाचं मेलाटोनिन तेज उजेडानं दबतं हे १९८० पासून माहीत आहे. मध्यरात्री ट्यूब लावून पाजायला बसलेल्या आईची स्वतःची झोप उडते, आणि बाळंतिणीची झोप ही आपल्या घरांत सगळ्यात कमी जपली जाणारी गोष्ट आहे. रात्रीच्या दिव्याचा विचार मी म्हणूनच आधी तिच्या बाजूनं करते.

दुसरी वाट उजेडाची. १९९९ मध्ये एका बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याला पहिले सहा महिने दिव्यांच्या उजेडापासून दूर, केवळ सूर्यप्रकाशात वाढवलं होतं. दीड महिन्याच्या सुमारास त्याचं मेलाटोनिन सूर्यास्ताला वाढू लागलं आणि जागेपणाला दिवसाचा ताल आला. झोपेचा ताल त्यानंतर काही दिवसांनी बसला. एका बाळावरून नियम करता येत नाही. पण बहुतेक घरांत बाळं दोन-तीन महिन्यांची झाल्यावर रात्री सलग झोपू लागतात या अनुभवाशी ते जुळतं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांच्या अंगाशी उजेड मोजणारी यंत्रं बांधून पाहिलं गेलं. रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारच्या पहिल्या भागात जास्त उजेड मिळालेला होता. उजेडामुळे झोप आली की नीट झोपणाऱ्या बाळांच्या आया त्यांना जास्त बाहेर नेत होत्या, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. तरी माझा कल पहिल्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण दवाखान्यातल्या एका जुन्या प्रयोगात आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात पूर्वी चोवीस तास दिवे सारखेच जळत. १९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४१ बाळांवरचा प्रयोग आला. काही बाळांच्या कक्षात संध्याकाळी सात ते सकाळी सात उजेड आणि आवाज कमी केला, बाकीच्यांच्या कक्षात दिवसरात्र सारखंच ठेवलं. घरी गेल्यावर काही आठवड्यांत फरक दिसू लागला. रात्र अनुभवलेली बाळं जास्त झोपत होती आणि त्यांचं वजन जास्त वाढत होतं. आवाजही कमी केल्यामुळे सगळं श्रेय उजेडाला देता येत नाही. पण त्यानंतर दिवस-रात्रीचा उजेड पाळणारे नवजात कक्ष वाढत गेले आणि ते योग्यच झालं. आपल्या जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यांत मात्र रात्री तीन वाजताही सगळ्या ट्यूब लावलेल्या मी पाहिल्या आहेत. परिचारिकेला बाळं दिसायला हवीत हे खरं; एक टेबलाचा दिवा तिच्यापुरता ठेवला तर दोन्ही साधतं.

बाळ आणि उजेड यांच्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्टही एका परिचारिकेमुळे घडली. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या, डॉक्टर येण्याआधी परत आणायच्या. एकदा त्यांनी डॉक्टर डॉब्जना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट आणि एक त्रिकोणी भाग मात्र पिवळाजर्द. चादरीचा कोपरा जिथं आला होता तिथली कावीळ तशीच होती, उन्हातली गेली होती. पुढं खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, कमी भरलं, तेव्हा डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या नळ्यांचा पाळणा बनवला आणि १९५८ मध्ये ते लॅन्सेटमध्ये लिहिलं. आज कावीळ झालेलं बाळ ज्या निळ्या दिव्यांखाली ठेवतात त्याची ही सुरुवात. काम करतो तो ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा उजेड. अतिनील किरणांची त्यात गरज नसते.

यातून घरोघरी एक सल्ला तयार झाला आहे: कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा. त्यात निळा उजेड असतो म्हणून सल्ला निराधार नाही, पण पुरेसाही नाही. कोवळ्या उन्हात किती मिनिटांत किती बिलिरुबिन उतरेल हे कुणी सांगू शकत नाही, बाळ गारठतं किंवा तापतं, आणि तेवढ्या वेळात आकडा धोक्याच्या वर जाऊ शकतो. २०१५ मध्ये नायजेरियात ऊन गाळणाऱ्या खास पडद्यांखाली बाळांवर उपचार करून ते दिव्यांच्या तोडीचं काम करतं असं दाखवलं गेलं, पण तिथं पडदे खास होते आणि शेजारी डॉक्टर होते. खिडकीतलं ऊन म्हणजे ते नव्हे. कावीळ दिसली तर तपासणी करायची, ऊन नंतर.

आणि कावीळ दिसण्यासाठी उजेड योग्य हवा. हे मी घरच्या अनुभवानं शिकले. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी आली, तेव्हा आम्ही खोलीत मुद्दाम पिवळा मंद बल्ब लावला होता. शांत वाटतं, बाळाला बरं, असं वाचलं होतं. खिडक्यांना जाड पडदे. चौथ्या दिवशी बाळ छान सोनेरी दिसत होतं. पाचव्या दिवशी सकाळी आई त्याला तेल लावायला गॅलरीत घेऊन बसली आणि तिथूनच तिनं हाक मारली. पिवळेपणा पोटाच्या खालपर्यंत उतरला होता. पिवळ्या बल्बमध्ये तो आम्हांला कुणालाच दिसला नव्हता. दोन दिवस निळ्या दिव्यांखाली ठेवून बाळ बरं झालं, पण त्या खोलीतला उजेड मी निवडला होता हे मी विसरलेले नाही. पुऱ्या दिवसांच्या साधारण साठ टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. म्हणून पहिले दहा दिवस रोज सकाळी बाळाला खिडकीजवळ नैसर्गिक उजेडात न्यायचं, छातीवर आणि कपाळावर बोटानं हलकं दाबून सोडायचं आणि त्वचेचा रंग बघायचा. तांबड्या उजेडात आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे ओठांचा निळेपणा. ऑस्ट्रेलियात रुग्णालयांतल्या दिव्यांसाठी तर निळेपणा ओळखू येईल असाच उजेड हवा अशी मापं ठरवलेली आहेत. घरी एवढंच करायचं: मंद दिव्याबरोबर एक पूर्ण पांढरा दिवाही हाताशी ठेवायचा आणि शंका आली तर बाळाची झोप मोडेल म्हणून न थांबता तो लावायचा.

आता चष्म्याची भीती. १९९९ मध्ये नेचर या नियतकालिकात पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या गटानं ४७९ मुलांची पाहणी छापली. दोन वर्षांच्या आत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना पुढं लघुदृष्टी होती, नाइट लॅम्पमध्ये झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना, आणि खोलीतला मोठा दिवा लावून झोपलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी तशीच पाहणी केली आणि त्यांना असा संबंध आढळला नाही. त्यांनी एक साधी गोष्ट निदर्शनाला आणली. ज्यांना स्वतःला जाड चष्मा असतो असे आईबाप रात्री मुलाच्या खोलीत दिवा जास्त लावून ठेवतात, आणि चष्मा मुलाकडे वारशानं येतो. पहिली बातमी आजही लोकांच्या बोलण्यात आहे, दुसरी पोचलीच नाही. चष्म्याच्या बाबतीत पुढं जे ठामपणे कळलं ते दिवसाच्या उजेडाबद्दल. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर नेलं, तेव्हा तीन वर्षांत नव्यानं लघुदृष्टी होणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात ३०.४ टक्के राहिलं, बाकीच्या मुलांत ते ३९.५ टक्के होतं. रात्रीच्या दिव्याची धास्ती घेण्यापेक्षा मूल दिवसा घरात कोंडलेलं राहतं याची काळजी जास्त करायला हवी.

दिवसाचा उजेड घरात कसा आणायचा यावर फारसं लिहिण्यासारखं नाही, कारण तो आपल्याकडे भरपूर आहे. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. खिडकीजवळ हजार लक्स सहज मिळतात, बाहेर सावलीत दहा हजार. बाळाला खिडकीच्या जवळ, थेट तिरीप डोळ्यांवर येणार नाही असं ठेवायचं. दुपारच्या झोपेला पडदे गच्च लावून रात्र करायची पद्धत अलीकडे आली आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती मला चुकीची वाटते. बाळ उजेडात, घरातल्या भांड्यांच्या आवाजात झोपत असेल तर झोपू द्यावं. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. काचेतून आलेल्या उन्हानं ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. आणि अगदी कोवळ्या उन्हात ते मुळातच फार कमी असतात. बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात ते त्यासाठी. ऊन मिळतंय म्हणून ते बंद करू नयेत.

परदेशी बाळंतपणाला जाणाऱ्या आज्यांना दिवस-रात्रीचं हे गणित वेगळं पडतं. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधी. तिथं जाड पडदे आणि हिवाळ्यात दिवसा घरातले सगळे दिवे, दोन्ही रास्त आहे. तोच सल्ला नाशिकच्या घरात आणून लावायची गरज नाही.

रात्रीच्या दिव्याची जागा रंगाइतकीच महत्त्वाची आहे. तो बाळाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, पलंगाच्या पातळीखाली असावा. कपाटाच्या मागं, पलंगाच्या पायथ्याशी, किंवा आईच्या पाठीमागं जमिनीजवळच्या प्लगमध्ये. अर्ध्या वॅटचा वॉर्म किंवा नारिंगी एलईडी पुरतो. दुपटं बदलायला, बाळ नीट धरलं आहे ना ते बघायला, पाण्याचा तांब्या सापडायला एवढा उजेड खूप होतो; डोळ्यांना पाच मिनिटं सवय होऊ द्यायची फक्त. अनेक घरांत बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवतात, आणि मला ही पद्धत फार आवडते. उजेड जमिनीवरून सरकत येतो, कुणाच्याच डोळ्यात जात नाही आणि विकत काही आणावं लागत नाही. पाजून झालं, बाळ निजलं, की तोही बंद. काळोखाची भीती तान्ह्या बाळाला नसते, ती दीड-दोन वर्षांनंतर येते. नऊ महिने ते काळोखातच होतं.

पंख्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. छताचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर फिरणाऱ्या पात्यांच्या सावल्या खोलीभर भरभर फिरतात. उभ्या माणसाला ते जाणवत नाही, उताण्या बाळाला सतत दिसतं. दिवा भिंतीवर घ्यावा. स्वस्त एलईडी मुळातच सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे आणि आतलं सर्किट ती सपाट करत नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बाळाच्या खोलीत नको. साध्या एलईडीला डिमर लावूनही हाच प्रकार होतो. डिमरवर चालणारा बल्ब वेगळा मागून घ्यावा. बल्बवर भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे दुकानातच वाचावं.

डासांसाठी लावलेला जांभळा दिवा काढून टाकायला हरकत नाही. डास माणसाच्या श्वासाच्या आणि अंगाच्या वासावर येतात, त्या दिव्यात मरतात ते बहुतेक दुसरेच किडे. मच्छरदाणी हाच उपाय, आणि तिच्या जाळीतून उजेडही थोडा मऊ होतो. झोळीचं कापड तर उत्तम पडदा आहे. लाकडी पाळण्याला तो फायदा नाही, आणि झोक्याबरोबर दिवा डोळ्यांवर येतो-जातो, म्हणून पाळण्याचा हूक थेट दिव्याखाली नसावा. बारशाला पाळण्यावर सोडलेल्या लुकलुकत्या माळा कार्यक्रम संपला की उतरवाव्यात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं डोळे जातात ही भीती मात्र खरी नाही.

जमिनीजवळ ठेवलेल्या दिव्याची मुदत सहा महिन्यांची धरावी. बाळ पालथं पडून पुढं सरकू लागलं की सगळ्यात आधी त्याचा हात त्या उजेडाकडे जातो. वायर लोंबत असेल तर ती गळ्याभोवती येऊ शकते, उघड्या प्लगमध्ये बोट जातं. सगळ्यात धोक्याची आहे रिमोटमधली आणि छोट्या खेळणीवजा दिव्यांतली बटणाएवढी चपटी बॅटरी. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तेव्हा रांगायच्या आधीच्या एखाद्या रविवारी तो दिवा जमिनीवरून उचलून भिंतीवर हाताच्या उंचीला, कपाटाच्या आडोशाला बसवून घ्यायचा, खालच्या प्लगना झाकणं लावायची, आणि बसवून झाल्यावर पुन्हा एकदा बाळाच्या जागी आडवं पडून बघायचं.